एमवायच्या वॉर्डातला प्रश्न थीसिसमध्ये यायला हवा

'नीट'चा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांत एकच विचारणा सुरू होते : एमजीएम, म्हणजे इथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, मिळालं का? रामबाग असो, सुदामा नगर असो की राजेंद्र नगर, पेढे वाटले जातात, मंडळं सत्कार ठेवतात, आणि महाविद्यालयाची थोरवी जागांच्या हिशोबात सांगितली जाते. जागा खरंच वाढल्या आहेत. 2014 च्या आधी देशात 387 वैद्यकीय महाविद्यालयं होती, 2024 पर्यंत ती 780 झाली. एमबीबीएसच्या जागा 51 हजारांवरून 1 लाख 18 हजारांच्या घरात गेल्या. आपल्या एमजीएममध्येच आता 250 मुलं दर वर्षी येतात. मला याचा आनंद आहे. पण महाविद्यालय कशानं मोठं होतं, याचं उत्तर जागा, खाटा आणि एमआरआय मशीन यांवर संपवलं जातं, तेव्हा मी अस्वस्थ होते. मी या शहरात जनरल प्रॅक्टिस करते आणि अवघड रुग्ण या महाविद्यालयाच्या एमवाय रुग्णालयात पाठवते. त्या रुग्णांकडे पाहून माझी खात्री झाली आहे की आपल्या सरकारी महाविद्यालयाची सर्वांत मोठी संपत्ती म्हणजे तिथे येणारा माणूस आणि त्याच्याबरोबर येणारी माहिती. ती माहिती आपण रोज वाया घालवतो.

इंदुरातलं वैद्यकीय शिक्षण जुनं आहे. 1878 मध्ये इथे मेडिकल स्कूल सुरू झालं, पुढे ते किंग एडवर्डच्या नावानं ओळखलं गेलं, आणि 1948 मध्ये त्याचं महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय झालं. महाराजा यशवंतरावांच्या नावाचं रुग्णालय त्यानंतरचं. सात मजली 'बडा अस्पताल' म्हणून आसपासच्या जिल्ह्यांत त्याची ओळख आजही टिकून आहे. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, खंडवा, बुऱ्हाणपूर, सगळीकडचा गरीब रुग्ण शेवटी इथेच येतो. रतलाम आणि खंडव्याला नवी महाविद्यालयं निघाली, तरी हा ओघ आटलेला नाही.

या ओघात काय काय वाहत येतं, याची कल्पना यावी म्हणून सिलिकोसिस हा एकच आजार घेते आणि त्यावर थोडी रेंगाळते. झाबुआ, अलीराजपूर, धारचे आदिवासी तरुण कामासाठी गुजरातेत जातात. गोधरा आणि बालासिनोर भागात गारगोटीचा दगड दळून पूड करणारे कारखाने होते. तिथे कामाला गेलेल्या तरुणांच्या छातीत सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ बसली. फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी ही धूळ गिळतात आणि स्वतःच मरतात, त्या जागी व्रण धरतो, आणि हे चक्र माणूस कारखाना सोडून घरी आला तरी थांबत नाही. साध्या खाणीत सिलिकोसिस व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. इतक्या दाट धुळीत काही वर्षंच पुरतात. एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात ठिपके दिसतात, ताप-खोकला-वजन घटणं असतंच, त्यामुळे निदान टीबीचं होतं. सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबी होण्याचा धोका मुळातच जास्त, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. टीबीचा कोर्स होतो, पुन्हा होतो, माणूस बरा होत नाही, तिशीच्या आत जातो.

या मृत्यूंची मोजदाद मुख्यतः कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून केली. त्या यादीच्या जोरावर प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे गेलं. आयोगाने 2010 मध्ये 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ते द्यायला लावलं. आता एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या दृष्टीने या घटनेकडे पाहा. एकाच तालुक्यातले, एकाच वयाचे, एकाच प्रकारच्या एक्स-रेचे तरुण मोठ्या रुग्णालयांत येतात तेव्हा कुणाला तरी हा नमुना दिसायला हवा. तो दिसत नाही, कारण केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' लिहून पुढे जायची आपल्याला सवय आहे. कशाची मजुरी, कुठे, किती महिने, धूळ उडत होती का, बरोबर गेलेल्यांचं काय झालं, हे पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. इटलीतला वैद्य रामाझ्झिनी यानं 1700 साली सांगितलं होतं की रोग्याला बाकी सगळं विचारता तसं त्याचं काम काय तेही विचारा. आपल्याकडे तर 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची सूचना कारखाना निरीक्षकाला देण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली होती. परीक्षेला हे कलम विचारलं जातं. वॉर्डात ते किती वेळा वापरलं जातं, हे प्रत्येक विभागप्रमुखानं स्वतःच्या रजिस्टरमध्ये शोधून पाहावं.

दुसरं उदाहरण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. पंतप्रधानांनी 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि 2047 चं उद्दिष्ट ठेवलं. पश्चिम मध्य प्रदेशातल्या भिल्ल-भिलाला समाजांत हा आजार आहे. रक्त तपासणं, कार्ड देणं, हे मोहिमेचं काम. पण ज्याचं कार्ड निघालं त्या मुलाला वर्षातून किती वेळा दुखण्याचे झटके येतात, हायड्रॉक्सियुरिया या औषधाची किती मात्रा त्याला पुरते, बाराव्या वर्षानंतर तो औषध का सोडतो, याचं उत्तर दिल्लीहून येणार नाही. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागाने हे करून दाखवलं आहे. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असा सर्वसाधारण समज होता. नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदी ठेवून विदर्भातली अनेक मुलं सौम्य अजिबात नाहीत हे मांडलं आणि 2012 मध्ये कमी, ठरावीक मात्रेत हायड्रॉक्सियुरिया गुणकारी असल्याचं चाचणीनं सिद्ध केलं. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, कमी रक्ततपासण्या, आणि तालुक्याच्या ठिकाणीही औषध देण्याची सोय. हे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात घडलं, जिथली गर्दी आणि टंचाई आपल्यासारखीच आहे.

विषबाधेचंही तसंच. माळव्यात गहू साठवताना घालायच्या गोळ्या घरोघर असतात, त्यांतल्या विषावर उतारा नाही, आणि दर हंगामात तरुण माणसं त्यापायी दगावतात. श्रीलंकेने रुग्णालयांतल्या नोंदींवरून कोणती कीटकनाशकं सर्वांत घातक ठरतात ते ओळखलं, ती एकेक करून बाजारातून काढली, आणि 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. तिथे नोंदवही पुढे सरकारच्या टेबलावर पोचली होती. आपली एमएलसी, म्हणजे पोलिसांत कळवायच्या प्रकरणांची, रजिस्टरं कोर्टाचं समन्स आलं तरच उघडतात.

आता थीसिसकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला थीसिस करावाच लागतो. रुजू झाल्यावर काही महिन्यांत विषय ठरवायचा, सिनॉप्सिस म्हणजे आराखडा लिहायचा, रुग्णांचे हक्क जपणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे ठेवायचा, तो जबलपूरच्या वैद्यकीय विद्यापीठात जायचा, मग वर्ष-दीड वर्ष रुग्ण गोळा करायचे. कागदावर ही रचना उत्तम आहे. प्रत्यक्षात विषय कसा ठरतो, हे कुठल्याही रेसिडेंटला एकांतात विचारा. गाइड सांगतात, सीनियरचा जुना विषय थोडा फिरवला जातो, वर्षात शंभर रुग्ण 'मिळतील' असा आजार शोधला जातो. दोन औषधांची तुलना, एका तपासणीची दुसरीशी तुलना. ते खोटं काम नसतं. मुलं रात्री जागून करतात. पण त्या कामाची कुणी वाट पाहत नसतं. प्रबंध बांधला जातो, सह्या होतात, एक प्रत लायब्ररीत जाते. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, एमडीच्या थीसिससाठी तशी सक्ती नाही. तीन वर्षांनी दुसरा रेसिडेंट तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

याचं फलित मोजलेलं आहे. दिल्लीच्या डॉक्टरांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांचं 2005 ते 2014 या काळातलं लेखन तपासलं होतं. त्यांपैकी 332 संस्थांतून दहा वर्षांत एकही शोधनिबंध आला नव्हता, आणि वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या 25 संस्थांकडेच देशाच्या एकूण कामाचा सुमारे 40 टक्के वाटा होता. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांची अट घट्ट केली, संशोधन-पद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा केला. निबंधांची संख्या वाढली असेल. पण बढतीसाठी लिहिलेला निबंध आणि अलीराजपूरच्या मुलासाठी विचारलेला प्रश्न यांतलं अंतर अशा अटींनी मिटत नाही.

इंदूरला संशोधनाबद्दल एक जुनी जखमही आहे, आणि ती टाळून हा विषय बोलणं अप्रामाणिक होईल. 2010 च्या सुमारास इथल्या औषध-चाचण्यांचा प्रश्न विधानसभेत आणि वृत्तपत्रांत गाजला. कंपन्यांच्या नव्या औषधांच्या चाचण्या गरीब रुग्णांवर झाल्या आणि त्यांतल्या अनेकांना आपण चाचणीत सामील आहोत हेच समजलं नव्हतं, असा आरोप होता. 2012 मध्ये स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यातून देशाचे नियम बदलले : एथिक्स कमिटीची नोंदणी, चाचणीत इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई, संमतीचं चित्रीकरण. 2019 चे नवे नियम त्याच वाटेने आले. म्हणजे भारतातल्या प्रत्येक रुग्णाला आज जे संरक्षण आहे, त्यात इंदूरच्या रुग्णांच्या यातनेचा वाटा आहे.

त्या प्रकरणातून शहरानं धडा कोणता घेतला? सर्वसामान्य माणसाच्या मनात 'एमवायमध्ये प्रयोग करतात' ही भीती बसली, आणि ती निराधार होती असं कोण म्हणेल? डॉक्टरांनीही सोपा मार्ग धरला : संशोधन म्हणजे भानगड, त्यापेक्षा नको. मला हा धडा चुकीचा वाटतो. त्या चाचण्यांमधला प्रश्न कंपनीचा होता, उत्तर कंपनीला हवं होतं, रुग्ण फक्त शरीर पुरवत होता. त्याच्या उलट टोकाला जायचं तर प्रश्न रुग्णाच्या गावातून यावा, उत्तर त्याच्या गावाला परत जावं, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर त्याला 'नाही' म्हणता यावं. संशोधन बंद करणं म्हणजे त्याच रुग्णावर दुसऱ्यांदा अन्याय करणं आहे, कारण मग त्याच्या आजाराबद्दल कुणीच काही शिकत नाही.

आणि इथल्या मातीतून विचारलेला प्रश्न किती दूर जातो, हे या शहरानं पाहिलेलं आहे. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर दरबारच्या जमिनीवर इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था उभी केली, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे. प्रश्न अगदी स्थानिक होता : काळ्या मातीतला कापूस, शेतातला काडीकचरा, गोठ्यातलं शेण, आणि शेतकऱ्याला परवडेल असं खत. 1931 पर्यंत त्यातून निघालेली कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांच्या तोंडी गेली. वैद्यकात आपल्या मराठी माणसाचं उदाहरण महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेले रुग्ण दगावत होते, तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. 1982 पासून ते 'लॅन्सेट'मध्ये लिहू लागले. प्राझोसिन या साध्या गोळीनं लाल विंचवाच्या दंशातले मृत्यू खाली आणता येतात, हे जगाला महाडमधून कळलं. त्यांच्याकडे एमआरआय नव्हतं, आयसीयू नव्हतं. नीट लिहिलेला केसपेपर होता.

मी हे बोलते तेव्हा रेसिडेंट मुलं माझ्यावर चिडतात आणि त्यांचं चिडणं मला मान्य आहे. छत्तीस-छत्तीस तासांची ड्युटी, स्ट्रेचर ढकलण्यापासून रक्ताची बाटली आणण्यापर्यंतची कामं, वर डॉक्टरवर हात उगारणारे नातेवाईक. त्यात आणखी पाच प्रश्न विचारा म्हणणं सोपं आहे. म्हणूनच माझी मागणी त्यांच्यावर काही लादण्याची नाही. थीसिस ते आजही करतातच. तेवढ्याच श्रमात प्रश्न बदला, एवढंच मी म्हणते. आणि नोंदींचं ओझं त्यांच्या खांद्यावरून काढा. रेकॉर्ड रूममध्ये प्रशिक्षित माणसं भरा. मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन हे पद आपल्याकडे दुय्यम मानतात, ते भरताना सर्वांत शेवटी आठवतं. माझ्या मते नवं मशीन घेण्याआधी ते भरायला हवं. मशीन दहा वर्षांत जुनं होतं. 1990 सालच्या सिकलसेलच्या मुलाचा नीट ठेवलेला केसपेपर आज असता तर तो सोन्याच्या मोलाचा ठरला असता.

काही प्राध्यापक म्हणतात, थीसिस हा शोध लावण्यासाठी नसतोच, विद्यार्थ्याला पद्धत शिकवण्यासाठी असतो. ठीक. मग पद्धत खऱ्या प्रश्नावर का शिकू नये? ज्याचं उत्तर कुणाला हवं आहे असं काम करताना विद्यार्थी आकडे जुळवत नाही, कारण उत्तर चुकलं तर कुणाचं तरी नुकसान होणार हे त्याला दिसत असतं. रुग्णाच्या गुप्ततेचा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि औषध-चाचण्यांच्या शहरात तो प्रत्येक वेळी विचारला गेलाच पाहिजे. नाव-गाव वेगळं ठेवून नोंदी वापरता येतात, त्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एथिक्स कमिटीत बाहेरचा सामान्य नागरिक असावा लागतो. त्या खुर्चीवर झाबुआ-अलीराजपूरकडची, आदिवासी समाजातली, निर्भीडपणे प्रश्न विचारणारी व्यक्ती बसवावी.

खरं तर साधनं बरीचशी हाताशी आहेत. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅममुळे 2021 पासून रुजू झालेल्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. आज बऱ्याच मुलांना ती एक शिक्षा वाटते, कारण तिथे त्यांचं स्वतःचं असं काही काम नसतं. त्यांचा थीसिसच झाबुआच्या किंवा बडवानीच्या प्रश्नावर असेल तर हे तीन महिने त्यांच्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा काळ ठरतील. एमबीबीएसची मुलं कुटुंब दत्तक योजनेत गावांत जातात, आयसीएमआर 1979 पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. हे सगळे धागे सुटे आहेत. एका विभागानं 'आम्ही पुढची दहा वर्षं सिलिकोसिसचा पाठपुरावा करू' असं ठरवलं, एका रेसिडेंटनं गोळा केलेले रुग्ण पुढच्यानं पुढे नेले, तर दहा थीसिस मिळून एक मोठं काम उभं राहील. आणि पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे जे तास आहेत, त्यांत भिली आणि भिलाली या आदिवासी बोली शिकवा. राज्यानं 2022 मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आणली, मुलांची सोय झाली. दरवाज्यात उभ्या असलेल्या, फक्त भिली बोलणाऱ्या म्हातारीची सोय अजून व्हायची आहे.

आपल्या मराठी मंडळींनाही मला एक सांगायचं आहे. नीटमध्ये यश मिळवणाऱ्या मुलांचे सत्कार आपण हौसेनं करतो, करावेत. त्याबरोबरच दर वर्षी इंदूर आणि आसपासच्या सात जिल्ह्यांच्या एखाद्या प्रश्नावर उत्तम थीसिस करणाऱ्या रेसिडेंटला, तो कुठल्याही भाषेचा असो, एक पुरस्कार ठेवा, आणि पुरस्काराच्या दिवशी त्याला अर्धा तास बोलू द्या. मुलाला कोणत्या महाविद्यालयात जागा मिळाली याच्या पुढे जाऊन त्यानं तिथे काय शोधलं, हे विचारण्याची सवय आपल्याला त्यातूनच लागेल. आपल्यातल्या निवृत्त डॉक्टरांच्या कपाटांत चाळीस-पन्नास वर्षांच्या प्रॅक्टिसच्या वह्या पडून आहेत. त्या रद्दीत जाण्याआधी महाविद्यालयाच्या लायब्ररीनं मागून घ्याव्यात.

यातल्या कशासाठीही नवा कायदा लागत नाही. मध्य प्रदेशातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं स्वशासी आहेत आणि एमजीएमच्या कार्यकारिणीचं अध्यक्षपद इंदूरच्या संभागायुक्तांकडे, म्हणजे विभागीय आयुक्तांकडे, असतं. इंदूर, धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, खंडवा आणि बुऱ्हाणपूर हे आठही जिल्हे त्यांच्याच अखत्यारीत येतात. म्हणजे आठ जिल्ह्यांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांना एका टेबलाशी बसवून, 'तुमच्या जिल्ह्याला कोणत्या प्रश्नांची उत्तरं हवी आहेत' हे विचारण्याचा अधिकार त्या खुर्चीला आजच आहे. आयुक्तांनी ती बैठक पुढच्या बॅचचे सिनॉप्सिस जबलपूरला जाण्याच्या आधी बोलवावी, आणि तिथे ठरलेल्या प्रश्नांची यादी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर सर्वांना वाचता येईल अशी लावावी.